तैनात, ऐन आणि डोळा

अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आहे, 'मध्यम ताकदीच्या देशाने आपल्या लष्करी बांधिलक्या कुठे ठेवाव्यात?' मैत्रीण म्हणते, 'बांधिलक्या' खोड आणि 'तैनाती' लिही. सर म्हणतात, बांधिलकीच ठेव, तैनाती म्हणजे नुसता बंदोबस्त. आता खरं कोणाचं?

बांधिलकीत खोदण्यासारखं काही नाही. दिलेल्या शब्दाला बांधून घेणं, एवढाच अर्थ. तैनातीचा आजचा अर्थही सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तोही सोडून देतो. पण 'तैनाती म्हणजे नुसता बंदोबस्त' हे वाचून माझं जेवण राहिलं. हल्ली हा शब्द कुठेही ठोकतात. आमच्याकडच्या यात्रेच्या फलकावर 'भाविकांच्या सेवेसाठी टँकर तैनात' असं होतं. बातम्यांमध्ये कॅमेरे तैनात असतात, चोख बंदोबस्तही तैनात असतो. अरे, बंदोबस्त म्हणजे व्यवस्था. माणसं तैनात होतात, व्यवस्था कशी होईल? आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'सर्वत्र तैनात'. हे दोन शब्द एकमेकांशेजारी बसूच शकत नाहीत. का, ते सांगतो.

तैनात अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ शब्द 'तअयीन', म्हणजे मुक्रर करणं, नेमकं ठरवून देणं. त्याचं अनेकवचन 'तअयीनात', त्याचं आपल्या तोंडी झालं तैनात. खैरात आणि जवाहिरात यांतला 'आत' तोच. आता तअयीनच्या पोटात काय आहे बघा. 'ऐन'. अरबीत ऐन म्हणजे डोळा. त्या लिपीत ऐन नावाचं एक अक्षरच आहे. डोळ्यावरून पुढे ऐनला 'तीच ती वस्तू, डोळ्यांसमोरची, दुसरी नव्हे' असा अर्थ आला, आणि तो आपण मराठीत जसाच्या तसा उचलला. ऐन तारुण्यात, ऐन दिवाळीत. आमच्याकडे म्हणतात, 'ऐन टायमाले इंजन बंद पडलं.' म्हणजे तीच वेळ, जिच्या आधीही चाललं असतं आणि नंतरही. तैनात आणि ऐन ही सख्खी भावंडं आहेत. अनेक जागांतून डोळ्याने एक जागा हेरायची, एक माणूस हेरायचा आणि त्याला तिथे उभं करायचं, ही तैनात. मग 'सर्वत्र' कुठून आणणार?

एका अभ्यासकांनी एका व्याख्यानात ऐन हा शब्द संस्कृत 'अयन'वरून काढून दाखवला होता. उत्तरायणाचा आणि 'ऐन टायमा'चा काय संबंध, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगता येणारही नाही. दुसरे एक जण आरशाच्या 'ऐन्या'ला याच घरात घुसवतात. तो ऐना फारसी, त्याचं कूळ वेगळं. नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडायचं असेल तर मेळघाटातल्या ऐनाच्या झाडालाही डोळे फुटतील. शब्दाचं मूळ सांगताना आधी अर्थाची वाट दाखवली पाहिजे. हिंदीतली 'ऐनक' मात्र खरी नातेवाईक आहे, चष्म्यात डोळा आहेच.

आता माझा स्वतःचा मुद्दा, आणि तो मी ठामपणे मांडतो. जुन्या मराठी कागदांत तैनात म्हणजे पगारही. पेशवे दफ्तरात 'तैनातजाबता' असा शब्द येतो, म्हणजे कोणाला किती वेतन मुक्रर केलं त्याची यादी. आणि हा प्रवास एकट्या तैनातीचा नाही. मराठीने आपल्याच शब्दाच्या बाबतीत हुबेहूब हेच केलं आहे. 'नेमणूक' घ्या. नेमणूक म्हणजे माणसाला कामावर लावणं, आणि जुन्या कागदांत नेमणूक म्हणजे त्याला ठरवून दिलेली सालाची रक्कमही. या नेमणुकीच्या आत आहे 'नेम'. नेम धरायचा तर एक डोळा मिटावा लागतो. अरबांनी डोळ्यातून तैनात काढली, आपण नेमातून नेमणूक काढली, आणि दोन्ही शब्द फिरून पैशावर येऊन थांबले. माणूस उभा केला की त्याच्या पोटाचं बघावं लागतं, हे दोन्हीकडच्या कारकुनांना पक्कं माहीत होतं.

म्हणूनच 'तैनाती फौज'चा अर्थ शाळेत शिकवतात तो मला पटत नाही. 'राजाच्या दारी तैनात केलेली फौज' असं सांगून मास्तर पुढे जातात. माझ्या मते यातली तैनात पगाराची आहे. इंग्रजी नाव 'सबसिडियरी', त्यात सबसिडी सरळ दिसते आहे. गव्हर्नर जनरल वेलस्लीने १७९८ साली निजामाच्या गळ्यात ही व्यवस्था बांधली. फौज इंग्रजांची, हुकूम इंग्रजांचा, तैनात निजामाची. नागपूरकर दुसऱ्या रघूजींनी अडगावची लढाई आणि गाविलगड गमावून १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह केला, पण ही फौज घरात घेतली नाही. ती घेतली पुढे आप्पासाहेब भोसल्यांनी, १८१६ साली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना सीताबर्डीला इंग्रजांशी लढावं लागलं. ताई, तुमच्या अंजनगाव सुर्जीचं नावही याच हिशोबात आहे. शिंद्यांचा तह तिथे ३० डिसेंबर १८०३ ला झाला.

आणि खुद्द वऱ्हाड? निजामाकडे तैनाती फौजेशिवाय आणखी एक फौज होती, हैदराबाद कंटिन्जंट. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. या दोन फौजा एकच समजून लिहिणारे बरेच आहेत, पदवीच्या गाइडांतही हा घोळ मी पाहिला आहे. कंटिन्जंटचा पगार थकत गेला, कर्ज चढलं, आणि १८५३ साली इंग्रजांनी त्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला. परतवाडा ही अचलपूरजवळची छावणी त्याच फौजेची. १९०२ साली सालीना २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेलं. म्हणजे आपण ज्या काळ्या मातीत कापूस पेरतो, ती मातीच एकदा तैनातीपोटी गहाण पडली होती. हा शब्द वऱ्हाडच्या माणसाने तरी सैल वापरू नये.

ताईंचा विषय मध्यम ताकदीच्या देशाचा आहे, त्याकडे येतो. आमच्या शेजारच्या वावरात हरभरा आहे. सहा एकर. तिकडचे काकाजी दरवर्षी जागलीला, म्हणजे रात्री राखणीला जातात. पांधणीकडून, म्हणजे शेतरस्त्याकडून, रोही (नीलगायी) येतात, नाल्याकडून रानडुकरं. काकाजींची मचाण नाल्याच्या कोपऱ्यावर आहे. जवळ बॅटरी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. मी एकदा विचारलं, पांधणीकडे कोण पाहतं? म्हणाले, 'चारी धुऱ्याईवर बसतो म्हटलं त कुठीच बसनं होत नाई भाऊ. रोही खाऊन जाते, डुक्कर उकरून जाते.' पांधणीच्या बाजूला त्यांनी जुन्या साड्या बांधल्या आहेत, तेवढ्यावर भागवतात. खाणाऱ्यापेक्षा उकरणाऱ्याचं नुकसान मोठं, म्हणून माणूस नाल्याकडे. ही तैनात.

मोठ्या देशाला चारही धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, माणूस बसवणं कदाचित परवडत असेल. मध्यम देशाला ऐन धुरा ओळखावाच लागतो. ऑस्ट्रेलियाचं १९४२ घ्या. त्यांच्या अनुभवी डिव्हिजन मध्यपूर्वेत ब्रिटनच्या बाजूने लढत होत्या. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, तिथे सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन सैनिक कैद झाले. १९ तारखेला जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले. तेव्हा सातवी डिव्हिजन जहाजांतून घराकडे निघाली होती आणि चर्चिलना ती ब्रह्मदेशात रंगूनला हवी होती. पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी साफ नकार दिला. ८ मार्चला रंगून पडलं. तीच सातवी डिव्हिजन त्याच वर्षी न्यू गिनीत कोकोडाच्या वाटेवर जपान्यांसमोर उभी राहिली. ब्रिटनशी असलेली बांधिलकी कर्टिन यांनी मोडली नाही. त्यांनी तैनातीची जागा बदलली.

दुसरं उदाहरण नेदरलँड्सचं. नाटोशी त्यांची बांधिलकी १९४९ पासूनची. त्या पोटी २००६ पासून त्यांचे सैनिक अफगाणिस्तानात उरुझगान प्रांतात होते. मुदत वाढवावी अशी नाटोची मागणी आली, मजूर पक्ष अडून बसला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांचं आघाडी सरकार पडलं. सैनिक परत आले. नेदरलँड्स नाटोत आजही आहे. बांधिलकी टिकली, तैनात संपली. इतका सरळ फरक असलेले दोन शब्द मराठीत असताना एकाच्या जागी दुसरा का लिहायचा?

म्हणून ताई, तुमच्या विषयात 'कुठे' आहे तर शब्द तैनातीचा हवा, मैत्रिणीचं तेवढं बरोबर. बांधिलकी 'कोणाशी' असते. ती खोडून टाका म्हणणं मात्र चूक, कारण भाषणात ती लागणारच आहे. मी वाक्य असं लिहीन : 'मध्यम ताकदीच्या देशाने आपल्या बांधिलक्या सांभाळत सैन्य कुठे तैनात करावं?' आणि उभं राहून बोलाल तेव्हा त्या तैनातीचा पगार कोण देणार, हेही विचारा. वऱ्हाडच्या मुलीने हा प्रश्न विचारला तर परीक्षकांना १८५३ आठवलं पाहिजे.

'तैनात्या' असं अनेकवचन चालेल का, हे चिठ्ठीच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलं होतं. मुळात तो शब्द अनेकवचनीच आहे, पण मराठीत आल्यावर आपलाच झाला. खुशाल लिहा.