वाचकांचे प्रश्न : शेताचा झोन, विजेचे बिल आणि पालिका

प्रश्न : आमच्या घरामागची भातशेती अचानक ‘सेटलमेंट’ (बांधकामाला मुभा असलेला झोन) झाली आणि वीजबिलही वाढले. नगरसेवक म्हणतात, दोन्ही आमच्या हातात नाही. हे खरे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : नगरसेवकांनी हात झटकले असे वाटणे स्वाभाविक आहे, पण या दोन बाबतींत ते खरे बोलत आहेत. गोव्यात जमिनीचा वापर १९७४च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखालील प्रादेशिक आराखडा आणि बाह्य विकास आराखड्यांतून ठरतो. २०२४ साली त्या कायद्यात आलेल्या कलम ‘३९-अ’नुसार एखाद्या भूखंडाचा झोन बदलण्यापूर्वी सूचना-हरकतींसाठी तीस दिवसांची जाहीर नोटीस काढावी लागते. ही नोटीस सर्व्हे क्रमांकाने निघते, शेताच्या नावाने नव्हे. त्यामुळे शेजारच्या जमिनीचा क्रमांक ‘एक-चौदा’च्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावरून आजच टिपून ठेवावा.

विजेचे दर गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधी जनसुनावणी घेतो. तिथल्या रिकाम्या खुर्च्या हा वेगळाच विषय! बिलात ‘स्थिर आकार’ ही ओळ वेगळी पाहा. ती मंजूर भारावर (जोडणीला मंजूर झालेल्या वीजक्षमतेवर) अवलंबून असते, पंखे बंद ठेवून कमी होत नाही.

घरपट्टी, कचरा शुल्क, व्यापार परवाने, बाजारातील सोपो (विक्रेत्यांकडून घेतले जाणारे जागेचे शुल्क) आणि वार्षिक अंदाजपत्रक मात्र पालिकेच्याच अखत्यारीत येते, आणि त्याबद्दल नगरसेवकांना हेच उत्तर देता येणार नाही.