पित्ताची गोळी किती दिवस घ्यायची?

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे. चार वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी दहा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि पित्त होऊ नये म्हणून पॅन्टोप्राझोल ४० रोज सकाळी अनशापोटी घ्यायला सांगितली. दुखण्याच्या गोळ्या केव्हाच संपल्या. ही मात्र चालूच आहे, कारण रिकामी पट्टी दाखवली की मेडिकलमध्ये नवी मिळते. मध्यंतरी बंद केली, तर तिसऱ्या दिवशी छातीत इतके जळजळले की पुन्हा सुरू केली. आता ती जन्मभर घ्यावी लागणार का?
— एक वाचक, वाई

उत्तर : तुम्हाला आधी पित्ताचा त्रास नव्हता, असे पत्रावरून दिसते, तेव्हा तिसऱ्या दिवशीच्या जळजळीमुळे घाबरून जाऊ नका. ही गोळी जठरातील आम्ल स्रवणारे पंप बंद पाडते. आम्ल घटले की शरीर आम्ल स्रवायला लावणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते आणि गोळी थांबताच काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल पाझरते. डेन्मार्कमधील २००९ सालच्या एका अभ्यासात पित्ताचा कसलाही त्रास नसलेल्या निरोगी माणसांना याच गटातले औषध आठ आठवडे देऊन थांबवले, तेव्हा पुढच्या चार आठवड्यांच्या अखेरपर्यंत त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे गोळी सोडल्यावर होणारी जळजळ पुष्कळदा गोळीनेच निर्माण केलेली असते, आणि तिलाच आजार समजून माणसे वर्षानुवर्षे गोळी घेत राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

डॉक्टरांशी बोलून ४० ऐवजी २० मिलिग्रॅमची गोळी दोन ते चार आठवडे घ्या आणि मग थांबवा. चाळीसची गोळी मोडून अर्धी करू नका, कारण आम्लापासून तिचे रक्षण करणारे वरचे आवरण त्यामुळे फुटते. मधल्या काळात जळजळ झालीच, तर साधे अँटासिड पुरते. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरका.

मात्र अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झालेल्यांनी, अन्ननलिकेला तीव्र दाह किंवा बॅरेट हा अन्ननलिकेच्या अस्तराचा विकार असलेल्यांनी आणि रक्तस्रावाचा धोका असताना ॲस्पिरिन किंवा वेदनाशामके नियमित घेणाऱ्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये. त्यांना तिचा खरा आधार असतो. गिळताना घास अडकणे, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काही असेल तर प्रथम तपासणी करून घ्यावी.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे. दोन दिवसांच्या तापाला पॅरासिटामॉल किंवा पाच दिवसांचे अँटिबायोटिक देताना सोबत ही गोळी लिहिण्याची सवय आपण सोडली पाहिजे, आणि ती लिहावीच लागली तर चिठ्ठीवर कारण व बंद करण्याची तारीख घातली पाहिजे.

तुम्ही शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ जरूर तपासून घ्या. अन्नातले बी-१२ मोकळे व्हायला आम्ल लागते, आणि चार वर्षे हा काही थोडा काळ नव्हे.