तोंड फिरवतंय? फिरवू दे

अगं, घास समोर आला की बाळ ओठ घट्ट मिटून मान वळवतं ना? तिथेच थांब. मोबाइल दाखवून भरवलंस तर पोट भरल्याचं त्याचं त्यालाच कळेनासं होतं. नवी चव रुळायला ती ८-१० वेळा, कधी जास्तही, समोर यावी लागते. चमचाभरच ठेव, चिवडू दे. पहिल्या वर्षानंतर वाढ मंदावते, तशी भूकही. दूध मात्र मोजून दे: दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की जेवणाला जागा उरत नाही, लोहही कमी पडतं.

तपासणीला उगाच धास्तावू नकोस. डॉक्टर एका वजनावर जात नाहीत, वाढीच्या तक्त्यावरची रेघ कशी चाललीय ते बघतात. (शेजारचं गुटगुटीत बाळ त्या तक्त्यात नसतं!) लघवी कमी झाली, बाळ मलूल दिसलं किंवा वजन उतरलं, तर मात्र तारखेची वाट बघू नकोस.