गप्प राहायला शिक

प्रिय,

पत्र मिळालं, फोटोही. तुझ्या कुशीत झोपलेलं ते अस्वलाचं पिल्लू बघून आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटली. रागावू नकोस, आधी ऐक.

पिल्लू खरंच पोरकं आहे ना? काळ्या अस्वलाची मादी पिलांना झाडावर चढवून चरायला जाते. लोकांना एकटं पिल्लू दिसतं आणि ते उचलून आणतात. आई मेल्याची खात्री नसेल तर माणसं-कुत्री हटवून लांबून वाट बघायची. निम्मं पुनर्वसन इथेच होतं, तेही फुकटात.

गाईचं दूध मुळीच नको. अस्वलाच्या दुधात चरबी भरपूर, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर नावापुरती. गाईच्या दुधाने हगवण लागते आणि पिल्लू एका दिवसात सुकतं. पाजताना माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नकोस. पोटावर ठेव, मान किंचित वर. नाकातून दुधाचा बुडबुडा दिसला की थांब. दूध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया ठरलेला. डोळे उघडायला काही आठवडे लागतात. एवढं लहान असेल तर पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने खालून पुसावं लागतं, त्याशिवाय ते लघवीही करत नाही. आई हेच जिभेने करते.

दूध ओढताना पिल्लू एकसुरात घूंऽऽ करतं. बाटली धरलेल्या हातालाही ती थरथर जाणवते. इथेच आपण फसतो. मीही फसले. एकाला नाव ठेवलं, त्याच्याशी बोलत बसायचे. पुढे बादलीची कडी वाजली की ते कुंपणाशी धावत यायचं, कुणाचीही बादली असो. असं अस्वल जंगलात सोडता येत नाही. ते पहिल्याच वस्तीत शिरेल. ते जन्मभर पिंजऱ्यातच राहिलं.

म्हणून पाजणारा माणूस एकच, रोज तेच कपडे, तोंडातून शब्द नाही. दुसरं पिल्लू मिळालं तर सोबत ठेव. कुस्ती, चावण्याची मर्यादा हे त्यांनी एकमेकांकडूनच शिकावं. मात्र ती एकमेकांचे कान चोखून सोलवटतात, तिकडे लक्ष असू दे. दूध सुटलं की खाणं ताटात नको. कुजक्या ओंडक्यात, पाल्याखाली लपव, रोज नव्या जागी.

रशियात त्वेर प्रांतात वालेंटिन पाझेत्नोव या अस्वलतज्ज्ञांनी पिलांना माणूस जवळजवळ दिसूच दिला नाही. अरुणाचलात पक्के नावाच्या व्याघ्र प्रकल्पात २००२ पासून चालणाऱ्या अस्वल-पुनर्वसन केंद्रात उलटी रीत: सांभाळणारेच पिलांना घेऊन जंगलात हिंडतात, हळूहळू अंतर वाढवत नेतात. मला पहिली रीत सोपी वाटते, कारण दुसरीला फार संयमी माणूस लागतो. तू अजून तसं नाहीस, फोटोवरून कळतंच.

सोडायची घाई नको. वजन भरलेलं हवं, रानात फळं-कंदमुळं मुबलक असलेला हंगाम हवा, आणि माग काढणारी रेडिओ कॉलर गळ्यात लावता आली तर उत्तम. माझी कसोटी वेगळी आहे. तू कुंपणाशी गेल्यावर ते फुसफुसत झाडावर चढतं का? चढलं तर तयार आहे. त्या दिवशी तुला वाईट वाटेल, वाटू दे.

पुढच्या वेळी फोटो नको, वजनाचा तक्ता पाठव. आणि विष्ठा कशी आहे तेही लिही.

तुझी,
ताई