हक्कसोडीवर सही नाही केली तर माहेर तुटेल का?

परभणीच्या भागात वडील गेले, तेरावं झालं, की बहिणींपुढे हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, येतं. मग आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायकांचा प्रश्न ठरलेला: सही नाही केली तर माहेर तुटेल का? एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. सही करायच्या जागी कुणीतरी पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती. "भाऊ मनला, ताई, नुसती सही कर, तुझं साडीचोळीचं मी बघतो. आन् आमचे हे मनतात, हिस्सा घे, इकून बोअर पाडू." तुम्हाला काय पाहिजे, असं विचारल्यावर म्हणाल्या, "पंचमीला जायला दार पायजे."

अशा बाईला भित्री म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. लग्न झालं की मुलीनं घर सोडायचं आणि जमीन मुलांकडे राहायची, अशी नात्यांची घडी असली की अडीअडचणीला बाईला भावाशिवाय आसरा उरत नाही. त्याला दुखवून कसं चालेल? मेघालयातल्या खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि घर धाकट्या मुलीकडे जातं. सुमात्रातले मिनांगकाबाऊ मुसलमान आहेत, तरी त्यांची पिढीजात शेती आईकडून मुलीकडे येते. तिथल्या रीतीत मुलगी माहेरीच राहते, मग तिला हा प्रश्न पडायचाच कशाला? पण तिथंही मोठ्या निर्णयात मामाच्या शब्दाला वजन असतं. जमीन नावावर असली म्हणून शब्द चालतोच असं नाही. नवऱ्याची घाई ऐकताना माझ्या डोक्यात हेच होतं. भावाकडचा हिस्सा उद्या नवऱ्याच्या बोअरमध्ये गेला तर ताईंच्या पदरात काय?

यात आणखी एक गुंता होता. ताईंची सासू म्हणजे त्यांची सख्खी आत्या. मामाची मुलगी करायची आपली रीतच आहे. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात जाते, दक्षिणेत नात्यातच राहते आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधे आहे, हे इरावती कर्वे यांनी मांडलं होतं. नात्यातल्या सासरी जीव लवकर रुळतो, खरं आहे. पण भांडण पेटलं तर दोन्ही घरं एकदम तापतात.

पुढच्या वेळी आत्याबाईही आल्या. वडिलांच्या माघारी याच जमिनीवर त्यांनीही अंगठा दिला होता. "मला तवा एक लुगडं भेटलं. हिला सही करू देऊ नका." सख्ख्या भाच्याच्या विरोधात बोलणं त्यांना सोपं गेलं नसणार.

कायदा मी सरळ सांगितला. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला १९५६ पासून हिस्सा आहे. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून हा भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडीची सक्ती कुणीच करू शकत नाही. आणि आज न केलेली सही उद्याही करता येते. नोंदणी झालेला कागद मोडणं मात्र फार अवघड.

मग भावाला बोलावलं. त्याला बहिणीचा राग नव्हता, मेहुण्याची धास्ती होती. तो विकून टाकेल, शेताचे तुकडे पडतील. ताई त्याला म्हणाल्या, "मी वाटणी मागत न्हाई. शेत तूच कर. फक्त सातबाऱ्यावर माझं नाव राहू दे, आईचं बी." त्याचं तोंड उतरलं, पण फेरफारात, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलात, सगळ्या वारसांची नावं लागली.

माहेर तुटलं का? त्या पंचमीला भाऊ न्यायला आला नाही. ताई एसटीनं गेल्या, वहिनी मोजकंच बोलली. दिवाळीच्या सुमारास आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं ठरवायला भावानं आपणहून फोन केला. नवऱ्याची कुरकुर अजून चालू आहे, दोघांना एकत्र बसवून त्यावर बोलणं सुरू आहे. आत्याबाईंना आता आपला जुना कागद तपासून घ्यायचा आहे. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून बायकांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तिथं त्या सुनेलाच सोबत घेऊन जाणार आहेत.