वाचकांचे प्रश्न : रहस्यकथेच्या नायकासाठी नट निवडताना

प्रश्न : आम्ही नागपुरातील काही रंगकर्मी, लेखकाच्या परवानगीने, एका रहस्यकादंबरीवर लघुमालिका करत आहोत. नायक सहा फुटांहून उंच, इतवारीत वाढलेला माजी पोलीस अधिकारी असून तो संशयितांना बोलते करून गुन्हा उकलतो. मारामारीचा प्रसंग एकच आहे. एक नट उंच, देखणा आणि मालिकांमुळे परिचित आहे. दुसरा ठेंगणा, पण राज्य नाट्य स्पर्धेत कसलेला, इथलाच आहे. वाचक नाराज होणार नाहीत, अशी निवड कशी करावी?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नायकाच्या वर्णनातील कोणती गोष्ट काढून घेतली तर कथानक कोसळते, हे प्रथम शोधावे. ती गोष्ट नटात असलीच पाहिजे. बाकीच्या बाबतीत तडजोड करायला हरकत नसते.

ली चाइल्ड यांच्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांचा नायक जॅक रीचर 6 फूट 5 इंच उंच आहे आणि त्याचा देह पाहूनच समोरचे लोक बिचकतात. 2012 च्या चित्रपटात ती भूमिका टॉम क्रूझ यांनी केली, तेव्हा वाचकांनी उंचीवरून घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो, आणि पुढे स्वतः लेखकानेही तो मान्य केला. 2022 च्या मालिकेत धिप्पाड अ‍ॅलन रिचसन आले. याउलट डॅनियल क्रेग यांची जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी निवड झाली, तेव्हा त्यांच्या सोनेरी केसांवरून बराच गदारोळ झाला होता. परंतु बाँडच्या कथेतील काहीही केसांच्या रंगावर अवलंबून नसल्यामुळे 2006 चा चित्रपट पाहिल्यावर तो आक्षेप मागे पडला.

आपला नायक ऐकून घेतो आणि लोक त्याच्यापुढे मोकळे होतात. इतवारीतला दुकानदार ज्याच्याजवळ मन मोकळे करतो, त्याच्या तोंडी नागपूरची बोली सहज असावी लागते. ती पाठ करून आलेला नट संशयिताला परकाच वाटेल, आणि मग कबुलीजबाबाचे प्रसंग खोटे पडतील. म्हणून माझा कौल दुसऱ्या नटाला आहे. मारामारीचा प्रसंग तेवढा लेखकाशी बोलून बदलून घ्यावा, म्हणजे नायक ताकदीऐवजी चपळाईने सुटेल. उंची भासवण्यासाठी कॅमेऱ्याच्या युक्त्या मात्र करू नयेत, कारण प्रेक्षकाला त्या कळतात आणि त्याचे लक्ष नेमके तिकडेच जाते.

तरीही दोघांची चाचणी घ्याच. जोरकस संवाद देऊ नका, कारण ते दोघेही उत्तम म्हणतील. संशयित खोटे बोलत आहे, नायकाला ते उमगले आहे आणि तरीही त्याने ते दाखवायचे नाही, असा प्रसंग द्या. संवाद सगळे संशयिताचे असावेत आणि कॅमेरा सलग नायकाच्या चेहऱ्यावर ठेवावा. ते चित्रण कादंबरी न वाचलेल्या दोन-चार जणांना दाखवा आणि नायकाला खोटेपणा कोणत्या वाक्याला कळला, एवढेच विचारा.