स्वस्तात हाताने रेफरन्स जर्नल बनवायचंय, सामान कुठून गोळा करू?

तुम्ही विचारलंय की रंगांचे नमुने, पेनांच्या रेघा, कागदांचे तुकडे, नोट्स असं सगळं एका जागी ठेवायला स्वतः वही बांधायचीय, खर्च फार करायचा नाही, तर काय काय लागेल आणि कुठे मिळेल. मी पुण्यातला आहे त्यामुळे ठिकाणं पुण्याची सांगतो, पण एखादी प्रेस आणि एखादा बाइंडर तुमच्याही गावात असेलच, तेवढ्यावर भागतं.

आधी एक, ऑनलाइन मिळतं ते बुकबाइंडिंग किट घेऊ नका. त्यातलं निम्मं सामान घरात असतं आणि उरलेलं कोपऱ्यावरच्या दुकानात. पैसे घालायचे ते फक्त आतल्या कागदावर, आणि तेही ज्या पानांवर रंग लागणार तेवढ्याच पानांपुरते. कारण असं की ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वॉटरकलर कागदावर अल्ट्रामरीन निळा मस्त दाणेदार बसतो आणि तोच झेरॉक्सच्या कागदावर लावला तर चपटा दिसतो, वर कागद पापडासारखा वाकतो तो वेगळाच. मग चित्र काढताना वही उघडून तो नमुना बघून काय उपयोग? तुम्ही ज्या कागदावर चित्र काढता तोच कागद वहीत पाहिजे, नाहीतर वही दिसायला छान आणि कामाला शून्य.

तर कागद. अप्पा बळवंत चौकात कार्ट्रिज (ड्रॉइंगचा जाडसर कागद) किंवा वॉटरकलरचे २२ बाय ३० इंची मोठे सुटे कागद मिळतात, पॅडपेक्षा सुटा कागद बराच स्वस्त पडतो. हातकागद हवा असेल तर शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची. कापायच्या आधी ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, बघा, कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवायचा, ज्या बाजूने सहज वाकतो तिकडूनच घडी घालायची, नाहीतर पानं पुढे ताठ उभी राहतात आणि घडीवर तडकतात (हातकागदाला ग्रेन नसतो जवळपास, तिथे ही कटकट नाही). ग्रेन ३० इंचाच्या बाजूने असेल तर साडेसात इंचाच्या चार पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी २२ इंच लांब, ती मधोमध दुमडली की ११ बाय साडेसातची आडवी पानं होतात, एका मोठ्या कागदात आठ पानं म्हणजे १६ पृष्ठांचा एक फर्मा (एकत्र शिवायचा पानांचा गठ्ठा). मला आडवी वहीच आवडते, रंगांचे तक्ते त्यात बरे बसतात.

नोट्सच्या पानांना मात्र एक रुपया घालू नका. नारायण पेठ, सदाशिव पेठेत कुठल्याही प्रेसमध्ये जाऊन कटिंगचे तुकडे मागा, चांगला मॅपलिथो (छपाईचा गुळगुळीत पांढरा कागद), आर्ट कार्ड, कधीकधी टेक्श्चर कागद पण निघतो, बऱ्याचदा फुकटच देतात, फक्त दुपारी जा, सकाळी गडबड असते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुन्या कीर्द-खतावण्या दिसतात, त्यातली कोरी पानं काढून घ्या, तो लेजर पेपर शाईला एकदम भारी. आणि घरात पडलेल्या लग्नपत्रिका, हो पत्रिकाच, जाड कार्डाच्या असतात त्या विभाग पाडायला वापरा. गणपतीचं चित्र असलेली बाजू कापायला आई देणार नाही, ते बघून घ्या.

कव्हरच्या पुठ्ठ्यासाठी संपलेल्या रायटिंग पॅडची पाठ, दोन एकमेकांना चिकटवल्या की पुरेसा कडकपणा येतो. खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, दाबला जातो. बाइंडरकडे ग्रे बोर्डचे, म्हणजे कव्हरच्या कडक राखाडी पुठ्ठ्याचे, तुकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं.

वरून लावायला कापड विकत आणायची गरजच नाही, हळदीकुंकवाला मिळालेले आणि पुढे कुणाला तरी द्यायला म्हणून ठेवलेले ब्लाउजपीस प्रत्येक घरात आहेत, त्यातला सुती किंवा खणाचा बघून घ्या. फक्त थेट पुठ्ठ्यावर चिकटवू नका, फेव्हिकॉल कापडातून वर येतो आणि डाग पडतात ते जात नाहीत. आधी कापडाला मागून पातळ कागद लावायचा. काचेवर कापड उलटं पसरा, पाण्याने ओलं करून सुरकुत्या काढा, पातळ कागदाला खळ लावून तो त्यावर ठेवा, मधून बाहेरच्या दिशेने हात फिरवा आणि रात्रभर तसंच वाळू द्या. सकाळी सोलून काढलं की बाइंडिंग क्लॉथ तयार.

खळ म्हणजे एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. बाइंडर लोक कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात पण ते विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर नको, त्यापेक्षा थोडी थोडी खळ करा आणि दोन दिवसांत संपवा.

दोरा गोधडीचा, मेणबत्तीवरून दोन-तीनदा ओढून घेतलेला. सुई पण गोधडीचीच, भोकं पाडायला दाभण. घड्या दाबायला स्टीलच्या चमच्याची पाठ आणि वजनाला पोळपाट, त्यावर तांदळाचा डबा.

आता एक गोष्ट जी व्हिडिओंमध्ये फारशी सांगत नाहीत. या वहीत तुम्ही नंतर तुकडे चिकटवणार, मग ती पुढून फुगते आणि मिटतच नाही. त्यासाठी शिवतानाच प्रत्येक फर्म्यात इंचभर रुंदीच्या दोन-तीन कागदी पट्ट्या दुमडून घाला, शिलाईत धरल्या जातील अशा. जुन्या फोटो अल्बमच्या पाठीत असतात तशा. पाठ आधीच जाड झाली की पुढे चिकटवलेलं सगळं मावतं.

आणि नमुन्याशेजारी नुसतं नाव लिहू नका, ट्यूबवरचा पिगमेंट कोड (आत कोणतं रंगद्रव्य आहे त्याचा क्रमांक) लिहा, अल्ट्रामरीन असेल तर पीबी २९. नावं कंपनीगणिक बदलतात. पीआर ८३ म्हणजे जुना अ‍ॅलिझरिन क्रिमसन लाल दिसला तर त्याची एक पट्टी अर्धी झाकून खिडकीत लावा, उन्हात तो उडतो, किती उडाला ते झाकलेल्या भागाशी ताडून कळतं. हे काम उन्हाळ्यात उरकून घ्या, पावसाळ्यात ऊन कमी आणि खिडकीतल्या पट्टीला बुरशी आधी येते.

शिलाईचे टाके लिहीत बसलो तर उत्तर फार लांबेल, अडलात तर कमेंटमध्ये विचारा, फोटो टाकतो.